भूत गावचे, भय कवितेचे

मुरबाड-शहापूरच्या लोकसमजुतींत भुतांची वाण नाही. तरीही मराठी भयकथेला घाबरवण्याची कला शिकावी लागली ती इंग्रजी रोमँटिक कवितेकडून आणि तिच्या वाटेने गेलेल्या मराठी कवींकडून.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडे एक लांबलचक प्रश्नावली गेली. गावात कोणकोणती भुते मानली जातात, ती कोठे वसतात, कोणाला धरतात, कशाने सुटतात, असे प्रश्न तिच्यात होते. प्रश्नावलीमागे होते ए. एम. टी. जॅक्सन. हे मुलकी अधिकारी संस्कृतचे अभ्यासक म्हणून ओळखले जात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेच हे जिल्हाधिकारी जॅक्सन. त्यांच्या पश्चात आर. ई. एन्थोवेन यांनी ही माहिती संपादित केली आणि तिचा कोकणाविषयीचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या खंडात बहुतेक ठिकाणी मास्तरांची नावे नाहीत, फक्त त्यांचे गाव दिलेले आहे. त्या गावांमध्ये ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आहे आणि शहापूर तालुक्यातील खातिवलीही आहे.

आजच्या वाचकाने हा खंड भीतीच्या अपेक्षेने उघडला, तर त्याची निराशा होईल. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते. सवाष्णपणी गेलेली जखीण होते. मुंज झालेला पण सोडमुंजीपूर्वीच गेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बुडून मेलेला किंवा घातपाताने गेलेला माणूस गिऱ्हा होऊन पाण्याच्या आसपास वावरतो. या सर्वांचा राजा वेताळ. प्रत्येकाला जात आहे, पत्ता आहे, मागणी आहे आणि त्या मागणीवर उतारही आहे. नारळ, लिंबू, कोंबडे, तिठ्यावर ठेवलेला उतारा, भगताने दिलेला अंगारा. एखाद्या कचेरीच्या दफ्तरासारखी ही व्यवस्था चोख आहे. भूत लागले तर भगत पहिला प्रश्न विचारतो, ‘तू कोण?’ आणि भुताला आपले नाव-गाव सांगावे लागते. ते सांगितले की निम्मे काम झाले.

लोकसमजुतीतील भुताचे हे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याला कारण असते. गावाला ते ठाऊक असते, किंवा विचारून कळते. भीती वाटतेच, पण ती आजारासारखी येते आणि उपचाराने जाते. याउलट, साहित्यातील भय उपचाराने जात नाही. पुस्तक मिटल्यावरही ते खोलीत राहते. हे दुसऱ्या जातीचे भय मराठी गद्यात आले कोठून, हा खरा प्रश्न आहे. मुरबाडच्या मास्तरांच्या टिपणात ते नव्हते, आणि आरंभीच्या मराठी कादंबरीतही नव्हते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. या अद्भुतरम्य कादंबरीत आणि तिच्या मागोमाग आलेल्या तशाच पुस्तकांत संकटे, कारस्थाने, योगायोग, ताटातूट आणि पुनर्भेट यांची रेलचेल आहे. पण अंधाराला त्यांत काम नाही. रात्र होते ती नायिकेला पळवून नेण्याची सोय व्हावी म्हणून.

कारण न सांगणारी कविता

युरोपात गॉथिक कादंबरीचा जन्म रोमँटिक कवितेच्या आधीचा. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ मध्ये आली. पडका किल्ला, भुयारे, वंशाला लागलेला शाप, छळली जाणारी नायिका हे सारे साहित्य तिने जमा केले. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ने (१७९४) त्यात डोंगर, धुके आणि सायंकाळ यांची भर घातली. या बाईंनी कादंबरीच्या पोटात स्वतःच्या कविताही घातल्या होत्या. म्हणजे कादंबरीने कवितेला हात दिला, मग कवितेने कादंबरीला. ही देवघेव दोन्ही बाजूंनी झाली, हे आधी मान्य केले पाहिजे. इंग्रज कवी कोलरिज तर गॉथिक कादंबऱ्यांची परीक्षणे लिहीत असे आणि त्यांतील भडकपणावर टीका करीत असे.

पण त्याच कोलरिजने जे केले, ते कादंबरीकारांना जमले नव्हते. ‘ख्रिस्टाबेल’ ही त्याची कविता अपुरी आहे. मध्यरात्री रानात एका सरदारकन्येला एक देखणी अनोळखी स्त्री भेटते. मुलगी तिला घरी नेते. उंबरठ्याशी आल्यावर त्या पाहुणीला पाऊल उचलवत नाही, आणि मुलगी तिला उचलून आत घेते. म्हातारी कुत्री झोपेतच गुरगुरते. ही बाई कोण, तिला काय हवे आहे, हे कवी सांगत नाही. तो सांगत नाही म्हणूनच वाचकाचे लक्ष त्या उंबरठ्यावर खिळून राहते.

ही कविता छापून आली १८१६ मध्ये. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याच्या राखेमुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात कवी बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी, कवी शेली आणि पुढे मेरी शेली म्हणून ओळखली गेलेली अठरा वर्षांची मेरी पावसामुळे अडकून पडली होती. १८ जूनच्या रात्री बायरनने ‘ख्रिस्टाबेल’मधील काही भाग म्हणून दाखवला. तो ऐकताना शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला, असे पॉलिडोरीने रोजनिशीत नोंदवले आहे. भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज याच मुक्कामातली. त्यातून मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) आणि पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ (१८१९) जन्मली. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये कोलरिजच्या दुसऱ्या कवितेच्या, शापित खलाशाच्या कथनाच्या, ओळी प्रत्यक्ष आल्या आहेत. पॉलिडोरीच्या रक्तपिपासू उमरावाला तर चक्क बायरनचा चेहरा आहे. तोवर गावंढळ मढे असलेला पिशाच्च त्या दिवसापासून खानदानी, देखणा आणि उदास झाला. आज चित्रपटांत दिसतो तो हाच.

कीट्सची ‘ला बेल दाम’ ही १८१९ सालची कविता मुरबाडच्या हडळीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. रानात एक सुंदर स्त्री भेटते, तिच्या मागे गेलेला वीर पुढे निस्तेज होऊन ओसाड तळ्याकाठी भटकत राहतो. आपली हडळही पुढून देखणी आणि पाठीमागून पोकळ. तीही वाटसरूला भुलवते. दोघींच्या गोष्टींचा सांगाडा जवळजवळ एकच आहे. फरक एवढाच की, हडळ कोणाची तरी सून असते. ती बाळंतपणात गेली, तिच्या सासरी कोण कोण आहे, तिला कशाची वासना राहिली, हे सांगितल्याशिवाय गावची गोष्ट पुरी होत नाही. कीट्सची बाई कोणाचीच कोणी नाही. तिचे कारण काढून घेतले आहे. गॉथिक कादंबरीने रोमँटिक कवितेकडून घेतले ते मुख्यतः हेच, म्हणजे कारण अडवून धरणे. किल्ले आणि भुयारे तिच्यापाशी आधीच होती.

बालकवींचा डोह

मराठीत ही शिकवण आली ती महाविद्यालयांच्या वाटेने. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पाल्ग्रेव्हने संपादित केलेली ‘गोल्डन ट्रेझरी’ (१८६१) ही इंग्रजी कवितांची निवड पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या हाती पडली. केशवसुत तिच्याच संस्कारात वाढले. त्यांनी १८९२ च्या सुमारास मराठीत सुनीत आणले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कवीचे स्वतःचे मन हा कवितेचा विषय केला. संतांनी मनाला उपदेश केला होता. मनाच्या आत काळोख असू शकतो आणि त्याचे वर्णन हीच कविता होऊ शकते, ही गोष्ट नवी होती.

भयाच्या दृष्टीने पाहिले तर खरा वारसा मात्र बालकवींचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘फुलराणी’चे आणि श्रावणाचे कवी म्हणून शालेय पुस्तकांनी इतके गोंडस करून ठेवले आहे की, त्यांची दुसरी बाजू सहसा दिसत नाही. ‘पारवा’ ही कविता घ्या. एक मोडकळीला आलेली धर्मशाळा आणि तिच्या कौलांवर एकटाच घुमणारा पारवा. एवढेच. यात भूत नाही, मृत्यू नाही, घटनाही नाही. पण उद्ध्वस्त वास्तू आणि तिच्यात उरलेला एकच जिवंत आवाज हे गॉथिक कथेचे मूळ चित्र मराठीत इतक्या स्वच्छपणे याआधी कोणी काढले नव्हते. ‘उदासीनता’ या कवितेत तर मनाला काय बोचते आहे ते समजत नाही, हाच विषय आहे. अडवून धरलेले कारण येथे कवीलाही सापडत नाही.

‘औदुंबर’ ही त्यांची आठ ओळींची कविता शाळेत जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असते. टेकड्यांपलीकडचे गाव, शेते, पायवाट आणि ती वाट जेथे पोचते तो काळा डोह. डोहाकाठी औदुंबर, माणसाने बसावे तसा. त्या झाडाचा अर्थ काय, तो योगी की विषण्णता की मृत्यू, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. शहापूरच्या भातसेकाठच्या किंवा मुरबाडच्या एखाद्या जुन्या माणसाला ही कविता वाचून दाखवली, तर त्याला अर्थ शोधावा लागणार नाही. डोह असेल तेथे साती आसरा असतात, गिऱ्हा असतो, आणि उंबर दत्ताचा. त्याच्या लेखी चित्र पुरेसे बोलके आहे. बालकवींनी यांपैकी एकाचेही नाव घेतले नाही. नाव न घेतल्यामुळे तो डोह कोण्या एका गावचा राहिला नाही, आणि म्हणूनच शहरातल्या, आसरा कधी न ऐकलेल्या वाचकालाही तो थंड वाटतो. लोकसमजुतीचा काळा डोह कवितेचा डोह कसा होतो, हे आठ ओळींत पाहायचे असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण नाही. ५ मे १९१८ रोजी जळगाव जिल्ह्यातील भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवींचा मृत्यू झाला. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस होते.

गोविंदाग्रजांनी दुसरी वाट काढली. ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत आई मांडीवरचे मूल गेल्याचे मानायलाच तयार नाही. भोवतालच्यांना ती गप्प करते, कारण बाळ झोपले आहे. ही करुण कविता म्हणून गायली गेली, ते योग्यच. पण ती शांतपणे वाचली की अंगावर काटा येतो तो करुणेचा नसतो. सत्य सर्वांना दिसते आहे आणि बोलणाऱ्या व्यक्तीला ते दिसत नाही, ही रचना पुढे गूढकथेने अक्षरशः शेकडो वेळा वापरली. भा. रा. तांबे यांनी मृत्यूकडे जाण्याला नववधूच्या सासरी जाण्याचे रूप दिले. त्यांची कविता शांतवणारी आहे, भयाशी तिचे नाते दूरचे.

वाड्यात आलेला वारसा

कवितेने तयार केलेली ही जमीन गद्याने कसायला मात्र बराच वेळ घेतला. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी भयकथेला मराठीत स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांच्या पुस्तकांपर्यंत रोमँटिक कविता पोचली ती मोठा वळसा घेऊन. जर्मन कवी ब्युर्गर याचे ‘लेनोर’ हे कथाकाव्य १७७४ चे. त्यात मेलेला प्रियकर मध्यरात्री घोड्यावरून येतो आणि प्रेयसीला दफनभूमीकडे घेऊन जातो. वॉल्टर स्कॉटने तिचे इंग्रजी रूपांतर केले. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) बग्गीतील एक सहप्रवासी याच कवितेतील ओळ पुटपुटतो. ड्रॅक्युला विसाव्या शतकातील अमेरिकन गावात आला तर काय होईल, या कल्पनेतून स्टीफन किंगने ‘सेलम्स लॉट’ (१९७५) लिहिली, आणि धारपांची ‘लुचाई’ या कादंबरीवर बेतलेली आहे. म्हणजे एका जर्मन कवितेतला घोडेस्वार दोनशे वर्षांनी मराठी वाड्याच्या दारात उतरला. आमंत्रण दिल्याशिवाय पिशाच्चाला उंबरठा ओलांडता येत नाही, हा ‘ड्रॅक्युला’तील नियम वाचताना कोलरिजची ती उचलून आत घेतलेली पाहुणीही आठवते. मराठी वाचकाला त्यात परके काही वाटले नाही. लिंबू-मिरची कोठे टांगायची, हे त्याला आधीच माहीत होते.

धारपांच्या ‘समर्थ’ कथा या दृष्टीने फार बोलक्या आहेत. अमानवी शक्तीने पछाडलेला माणूस समर्थांकडे येतो, समर्थ कारण शोधतात आणि उपाय करतात. वातावरणनिर्मिती इंग्रजी वळणाची आहे, पण आराखडा भगताचाच. ‘तू कोण?’ हा प्रश्न येथे परत येतो. धारपांचा वाचक घाबरतो आणि शेवटी निर्धास्त झोपतो, याचे रहस्य बहुधा त्यातच आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटानंतर धारपांकडे नव्या पिढीचे लक्ष वळले. त्या चित्रपटातील एक धागा त्यांच्या ‘आजी’ या कथेचा आहे. तीही स्टीफन किंगच्या कथेवरून सुचलेली.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी आपल्या कथांना भयकथा न म्हणता गूढकथा म्हणणे पसंत केले. त्यांचे भूत पिंपळावर बसत नाही. ते चाळीत, सदनिकेत, आणि बहुतेक वेळा माणसाच्या डोक्यात असते. उपाय करणारे कोणी नाही. गोविंदाग्रजांच्या आईसारखी माणसे त्यांच्या कथांत भेटतात. जी. ए. कुलकर्णी यांना भयकथाकार म्हणणे त्यांच्या चाहत्यांना रुचणार नाही. तरीही धारवाडमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या या कथाकाराच्या १९६० सालच्या संग्रहाचे नाव ‘पारवा’ आहे, आणि दुसऱ्या एकाचे ‘पिंगळावेळ’. पहाटेपूर्वीचा तो अशुभ-शुभाच्या सीमेवरचा प्रहर, पिंगळा बोलण्याची वेळ, हे नाव लोकसमजुतीचे आहे आणि त्याचा वापर पूर्णपणे कवितेचा.

एकाच माणसाची दोन नावे

कवितेचा कादंबरीवरील प्रभाव बहुतेक ठिकाणी अंदाजाने सांगावा लागतो. एका ठिकाणी मात्र अंदाजाची गरज नाही, कारण कवी आणि कादंबरीकार एकच आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथे १९३० मध्ये जन्मलेले चिंतामण त्र्यंबक खानोलकर ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहीत आणि स्वतःच्या नावाने कादंबऱ्या. ‘जोगवा’ १९५९ चा, ‘दिवेलागण’ १९६२ चा. त्याच १९६२ मध्ये ‘रात्र काळी घागर काळी’ ही कादंबरी आली. पुढे ‘अजगर’, ‘कोंडुरा’, ‘चानी’. १९७६ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

‘रात्र काळी घागर काळी’ हे नाव विष्णुदास नामा यांच्या गवळणीतून उचललेले आहे. गवळणीत सारे काही काळे असते ते कृष्ण भरून राहिला म्हणून. तेथे काळोख हा आनंदाचा रंग आहे. खानोलकरांनी तोच काळोख देवाविना ठेवला. अमानुष वाटावे असे सौंदर्य लाभलेली एक स्त्री, तिच्याभोवती उद्ध्वस्त होत जाणारी माणसे, आणि या विनाशाचे कारण तिला किंवा लेखकाला कोणालाही सांगता येत नाही. कीट्सच्या रानातली बाई मराठीत आली असेल, तर ती येथे. फरक असा की, येथे तिला घर आहे, नातीगोती आहेत, गावात तिच्याविषयी बोलणे आहे.

‘कोंडुरा’चे नाव वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या एका ठिकाणाचे. १९७८ मध्ये श्याम बेनेगल यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. कोंडुऱ्याकडून एका साध्या माणसाला वर मिळतो आणि त्या वराने त्याचा संसार नासतो. वर खरा की भास, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. लोककथेत वर देणारा देव आपली अट स्पष्ट सांगतो. खानोलकरांचा देव बोलतो, पण त्याचे बोलणे कळले की नाही याची खात्री माणसाला होत नाही. मराठी भयलेखनातील सर्वांत खोल जागा बहुधा हीच असावी. गावाची व्यवस्था शाबूत आहे, कारण हरवले आहे, आणि माणसाला दोन्ही एकदम पेलायचे आहे. निव्वळ धुके, पडका वाडा आणि करकरणारे दार यांवर गुजराण करणाऱ्या मराठी भयकथांना ही उंची गाठता आली नाही. त्यांनी कवितेकडून वातावरण घेतले आणि गावाकडून काहीच घेतले नाही.

‘चानी’ या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. तिच्यात पिशाच्च नाही. वेगळ्या रंगरूपाची एक मुलगी आणि तिला आपली न मानणारे गाव आहे. व्ही. शांताराम यांनी तिच्यावर १९७७ मध्ये चित्रपट काढला. गावाला कारण हवे असते, आणि ते मेलेल्या माणसात सापडले नाही तर जिवंत माणसात शोधले जाते, ही गोष्ट या कादंबरीइतकी स्पष्ट क्वचितच लिहिली गेली असेल. ती कल्पनेतली नाही. मूल दगावले, गुरे मेली, पीक बुडाले की एखाद्या एकट्या बाईला ‘भुताळी’ ठरवण्याचे प्रकार महाराष्ट्राच्या अनेक भागांत घडत आले आहेत. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते किंवा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा म्हणून वेगळा नमूद आहे. सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही. भगताचा ‘तू कोण?’ हा प्रश्न मृतासाठी असतो तोवर त्यात एक प्रकारची दया आहे. बाळंतपणात गेलेल्या सुनेची निदान गावाला आठवण तरी राहते. तोच प्रश्न जिवंत बाईकडे वळला की काय होते, हे पोलिसांच्या दफ्तरात आहे.

शहापूर आणि मुरबाड आता मुंबईकरांच्या पावसाळी सहलींचे तालुके झाले आहेत. माळशेज घाटातील धुके, माहुलीचे सुळके, आजोबा डोंगराचा कडा यांकडे पाहण्याची नजर, कळत-नकळत, रोमँटिक कवितेचीच आहे. डोंगर उदात्त वाटावा आणि थोडा धाकही वाटावा, ही सवय माणसाला आपोआप लागत नाही. गुरे चारायला डोंगरावर जाणाऱ्या माणसाला धुके म्हणजे वाट चुकण्याचा धोका. त्याचे नाव चकवा. त्यावर उपाय सांगितलेले आहेत.

या भागाची नवी भुते मात्र रस्त्यावरची आहेत. मुंबई-आग्रा महामार्गावर कसारा घाटात रात्री गाडीला हात दाखवणाऱ्या बाईची गोष्ट ट्रकचालकांपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सर्वांनी ऐकलेली असते. ती पांढऱ्या साडीत असते, वळणावर उभी असते, आरशात दिसत नाही. सांगणाऱ्याप्रमाणे तपशील बदलतात. तिला सासर नाही, माहेर नाही, बाळंतपण नाही, वासना नाही. ती कोणाची सून होती, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते आणि ऐकणाराही विचारत नाही. खातिवलीच्या मास्तरांनी ही गोष्ट टिपून घेतली असती, तर पुढचा प्रश्न तोच विचारला असता.